आधी काम ठरवा, मग पुस्तक उघडा

मी मोठ्या माणसांना प्रथमोपचार शिकवते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, म्हणजे सीपीआर, हा त्यातला मुख्य भाग. मोठ्या माणसासाठीचे नियम दोन-चार ओळींत मावतात. तळहात छातीच्या मधोमध, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. न समजण्यासारखं यात काहीही नाही. तरी सरावाच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकले की बहुतेकांची कोपरं पहिल्याच मिनिटात वाकतात. दाबाची खोली निम्म्यावर अडते. वेग एकतर रेंगाळतो, नाहीतर इतका सुटतो की छातीला वर यायला फुरसत मिळत नाही. सगळ्यात नीटनेटकी टिपणं काढणारेही यातून सुटत नाहीत.

म्हणून "समजलं का?" हा प्रश्न मी वर्गातून हद्दपार केलाय. त्याला "नाही" असं उत्तर कोणी देत नाही, आणि "हो" या उत्तरातून मला काही कळत नाही. मी फक्त "करून दाखवा" म्हणते. खाली लिहिलंय ते मात्र सीपीआरपुरतं नाही. स्प्रेडशीट, नवी भाषा, कोडिंग, शिवणकाम, गिटार, असं काहीही स्वतःहून शिकायला घेतलेल्या माणसासाठी आहे. पुतळा अधूनमधून येत राहील, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं.

"कळलं" असं वाटणं

नवं काही शिकताना सगळ्यात मोठा अडथळा आळसाचा नसतो. आपल्याला येतंय असं वाटणं हाच खरा अडथळा असतो. चांगलं समजावणारा व्हिडिओ बघताना डोकं प्रत्येक वाक्याला हुंकार देतं, आणि तो हुंकार आपण शिकल्याचा पुरावा धरतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चारही फेऱ्यांत वाचला. दुसऱ्याने पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० वर आले होते आणि लिहून काढणारे ६१ वर होते. आणि आठवड्याने आपल्याला भरपूर आठवेल असा जास्त भरवसा कोणाला होता? वाचणाऱ्यांना.

हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही तेच दिसलं. ज्या वर्गात विद्यार्थ्यांनी स्वतः गणितं सोडवली तिथे ते जास्त शिकले, पण छान व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. करून बघताना अडखळायला होतं, ते बोचतं, आणि ती बोच आपण "हे मला जमत नाही" अशी वाचतो. या पद्धतीने शिकायचं ठरवलंत तर पहिले काही दिवस आपण मागे पडतोय असं वाटणारच. ते गृहीत धरा.

जाता जाता एक. "वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, केलेलं ९०" असे आकडे लिहिलेला त्रिकोण तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. प्रशिक्षणाच्या धंद्यात तो स्लाइडवर असल्याशिवाय कार्यक्रमच सुरू होत नाही. त्यावर बहुतेक वेळा एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू मांडला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ते गोल गोल आकडे पुढे कोणीतरी चिकटवले. करून शिकण्याची बाजू भक्कम आहे, तिला असल्या टेकूची गरज नाही.

काम निवडणं

विषय हे काम नव्हे. "एक्सेल शिकायचंय", "फ्रेंच शिकायचंय", "फोटोग्राफी शिकायचीय" हे सगळे विषय. विषयाला शेवट नसतो, त्यामुळे त्याच्या तयारीलाही शेवट नसतो. पुस्तक उघडण्याआधी, कोर्सचे पैसे भरण्याआधी, एका कागदावर असं एक काम लिहा जे झालं की झालं असं म्हणता येईल. "गेल्या तीन महिन्यांच्या खर्चाचा तक्ता, कुठल्या गोष्टीवर किती गेले ते एका नजरेत दिसेल असा." "फ्रेंचमध्ये दोन मिनिटांचा आवाजी निरोप, मी काय काम करते हे सांगणारा." "उशीचा अभ्रा, चेन लावलेला." असं.

काम लिहिताना क्रियापदाकडे बघते मी. "समजून घेणे", "ओळख करून घेणे", "अभ्यास करणे" अशी क्रियापदं आली की कागद परत करते. मोजणे, शिवणे, पाठवणे, वाजवणे, दुरुस्त करणे, लिहून देणे, ही चालतात. यातलं प्रत्येक काम संपल्यावर हातात काहीतरी असतं, आणि ते बरं झालं की वाईट हे सांगता येतं.

आकार लहान ठेवा. एका-दोन बैठकांत संपेल एवढा. लोक इथे हमखास मोठी उडी मारतात. प्रोग्रॅमिंगचा पहिला आठवडा आणि म्हणे स्वतःचं अ‍ॅप करणार. मग सहा महिने अ‍ॅपचं नाव आणि रंग ठरवण्यात जातात. त्याऐवजी फोल्डरमधल्या शंभर फोटोंची नावं तारखेप्रमाणे बदलणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा. त्यात लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, आहे, फाइल उघडणं आहे, मजकूर जोडणं आहे, चूक सापडणं आहे, आणि शेवटी फोटो लागलेले आहेत.

शक्य असेल तर ते काम कोणाला तरी हवं असू द्या. तुम्हालाच हवं असलं तरी चालेल, पण खरोखर हवं असू द्या. पुस्तकातल्या सरावाच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर पान उलटता येतं. खर्चाचा तक्ता चुकला तर बेरीज बँकेच्या खात्याशी जुळत नाही आणि ती न जुळलेली बेरीज डोक्यात टोचत राहते.

किती वाचून सुरुवात करायची

पहिल्या पावलापुरतं. पण शून्य वाचून थेट उडी मारा, असं मी म्हणणार नाही. "उडी मारली की आपोआप येतं" हे सांगणारे लोक सहसा ती गोष्ट आधीपासून येणारे असतात.

जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्यांवर प्रयोग केले. काहींना नुसती गणितं सोडवायला दिली. काहींना एक सोडवलेलं उदाहरण आणि लगेच तसंच एक सोडवायला, अशा जोड्या दिल्या. तशाच प्रकारची नवी गणितं समोर आल्यावर दुसरा गट कमी वेळात आणि कमी चुका करून सोडवत होता. नवख्या माणसाला नुसतं सोडून दिलं की त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते, पद्धत दिसायला शक्ती उरत नाही. तेव्हा सुरुवातीला एक पूर्ण झालेला नमुना समोर हवाच. हात बसला की मात्र नमुना बाजूला करायचा, कारण पुढे पुढे त्याची अडचणच होते.

व्हिडिओवरून शिकणाऱ्यांना मी आमच्या वर्गातली रीत सांगते. रॉडनी पेटन या सर्जनने १९९८ मध्ये कौशल्य शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, आणि वैद्यकीय प्रशिक्षणात त्या सर्रास वापरतात. शिकवणारा आधी ते काम नेहमीच्या वेगाने, काही न बोलता करतो. मग सावकाश, एकेक टप्पा समजावत करतो. तिसऱ्या वेळी हात शिकवणाऱ्याचेच असतात पण सूचना शिकणारा देतो: आता हे कर, आता ते. चौथ्या वेळी शिकणारा स्वतः करतो. सगळी मेख तिसऱ्या पायरीत आहे. आपण घरी पहिली आणि दुसरी करतो आणि थेट चौथीवर जातो, किंवा जातच नाही.

व्हिडिओच्या बाबतीत तिसरी पायरी अशी करायची. तो एकदा न थांबवता बघा. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत बघा. तिसऱ्यांदा आवाज बंद करा आणि पडद्यावर जे घडणार आहे ते घडायच्या क्षणभर आधी तुम्ही मोठ्याने सांगा. "आता कॉलम निवडणार, आता फिल्टर लावणार, आता..." जिथे जीभ अडेल तेवढाच भाग पुन्हा आवाजासकट बघा. मग व्हिडिओ बंद करून स्वतः करा. लिहिलेल्या मजकुराला, सोडवलेल्या गणिताला हीच रीत चालते. खालची ओळ हाताने झाकायची, ती काय असेल ते सांगायचं, मग हात खाली सरकवायचा.

मोठ्याने सांगण्याची लाज वाटत असेल तर दार लावून घ्या.

पान मिटून

व्हिडिओ बाजूच्या खिडकीत चालू ठेवून त्याच्यामागे टाइप करत जाणं याला मी करून बघणं म्हणत नाही. ती नक्कल झाली. शेवटी फाइल हुबेहूब तयार होते, आणि दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की कुठून सुरू करायचं हे सुचत नाही.

नमुना बघून झाला की तो मिटा, निदान पाच-दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा, आणि मग कोऱ्या पानावर सुरू करा. अडलात की लगेच उघडू नका. आधी काय करायला हवं याचा अंदाज लिहा, चुकीचा का असेना. मग उघडा, फक्त अडलेली जागा बघा, पुन्हा मिटा. दर वेळी कुठे उघडावं लागलं ते समासात टिकमार्क करून ठेवा. पुढचा सराव त्या टिकमार्कांचा. उरलेलं तुम्हाला येतंय, त्यावर वेळ घालवू नका.

लेखन शिकणाऱ्यांसाठी याच रीतीचं एक जुनं रूप आहे. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी एका इंग्रजी नियतकालिकातले निबंध घेऊन प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, आणि मग त्या टिपणांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून मूळ मजकुराशी ताडून बघायचा. मधले काही दिवस महत्त्वाचे. लगेच लिहिलं असतं तर मूळ वाक्यं कानात घुमतच होती.

ही रीत कोडला लागू पडते, स्प्रेडशीटच्या सूत्रांना लागू पडते, शिवणाच्या कापाला लागू पडते. चित्रकला शिकणाऱ्या एकीने मला सांगितलं की ती संदर्भाचा फोटो दुसऱ्या खोलीत ठेवते. बघायचा असेल तर उठून जावं लागतं, त्यामुळे एका फेरीत ती भरपूर बघून येते. मला हे फार आवडलं.

"टक्" कोण करणार?

सरावाच्या पुतळ्याच्या छातीत एक साधी यंत्रणा असते. दाब पुरेसा खोल गेला की टक् आवाज येतो. नव्या पुतळ्यांत दिवे असतात, वेग दाखवणारे पडदे असतात, पण त्या एका आवाजाचं काम मोठं आहे. आवाज आला नाही, म्हणजे पुरेसं रक्त मेंदूपर्यंत पोचणार नव्हतं. मला काही बोलावं लागत नाही. विद्यार्थी पुढचा दाब आपणहून खोल देतो.

असा आवाज नसेल तर सराव चुकीच्या गोष्टीचाही तितकाच पक्का होतो. १०,००० तास सराव केला की कोणीही निष्णात होतं, असा जो बोलबाला झाला त्यात नेमकी हीच गोष्ट गाळली गेली. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांचा भर विशिष्ट उणीव हेरून, तिच्यावर लक्ष ठेवून केलेल्या सरावावर होता. नुसते तास भरणाऱ्याला त्यांनी कसलंही आश्वासन दिलेलं नव्हतं.

तेव्हा काम ठरवतानाच विचारा, चुकलं तर मला कोण सांगणार? आणि किती लवकर? काही विषयांत हे आयतं मिळतं. प्रोग्रॅम चालत नाही, चाकातली हवा पुन्हा जाते, चेन अडकते. काही ठिकाणी ते मुद्दाम उभं करावं लागतं. स्प्रेडशीटमध्ये सूत्र लावण्याआधी एका ओळीचं उत्तर कागदावर काढून ठेवा, मग सूत्राचं उत्तर त्याच्याशी जुळवा. भाषा शिकताना आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको, कारण त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं होतं ते कानात असतं आणि काय म्हटलं ते ऐकूच येत नाही. फोनवरचं आवाजाने टाइप करणं त्या भाषेत लावून वाक्य बोला, काय उमटतंय बघा. ते कडक परीक्षक असतं, कधी कधी अन्यायही करतं, पण भीड बाळगत नाही. वाद्याला मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टक्टक् करणारं यंत्र. लेखनाला वाचक.

वाचकाबद्दल, किंवा कुठल्याही जाणकाराबद्दल, एक सूचना. "कसं झालंय?" विचारू नका. त्याचं उत्तर "छान" असं येतं, आणि "छान"ने काही सुधारत नाही. नेमकं विचारा. "यातलं कुठलं वाक्य तुम्हाला दोनदा वाचावं लागलं?" "या टाक्यांत कुठे ओढ जास्त पडलीय?" "वाचून झाल्यावर मला सांगा, मी काय म्हणतेय?" शेवटचा प्रश्न फार उपयोगी. समोरचा जे सांगतो आणि तुम्हाला जे म्हणायचं होतं, त्यांतलं अंतर हेच तुमचं उरलेलं काम.

जाणकार हाताशी नसेल तर स्वतःलाच लिहून समजावा. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये दाखवलं की चेन, कुलूप, फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे असं लोकांना वाटतं. टप्प्याटप्प्याने लिहायला सांगितलं की तेच लोक स्वतःला दिलेले गुण खाली आणतात. तुम्हीही आत्ता एखाद्या गोष्टीवर करून बघा. कुठल्या टप्प्यावर "मग ते आपोआप होतं" असं वाक्य येतंय ते शोधा. तिथे भोक आहे.

तुकडे आणि मिसळ

रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा रोज थोडं, हे सगळेच सांगतात आणि कोणीच ऐकत नाही. आकडा देते. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना नव्या यंत्रांसाठी टायपिंग शिकवायचं होतं, तेव्हा अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. त्यांचा अभ्यास १९७८ मध्ये आला. दिवसाला एकच तास शिकणाऱ्या गटाला कळफलक हाताखाली यायला सरासरी सुमारे ३५ तास लागले. दिवसाला चार तास, दोन-दोन तासांच्या दोन पाळ्यांत, शिकणाऱ्यांना सुमारे ५० तास. एक तासवाल्यांना अर्थातच जास्त आठवडे लागले, आणि तेच आपल्या प्रशिक्षणावर सगळ्यात नाराज होते, कारण बाकीचे पुढे चाललेले दिसत होते. परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल तर चार तासांचा मार्ग घ्या, नाइलाज आहे. नसेल तर घेऊ नका.

मिसळ करणं त्याहून जड जातं. एकाच प्रकारची दहा गणितं सलग सोडवली की आठव्या गणितापर्यंत तुम्ही विचार करणं थांबवलेलं असतं. कुठली रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एकेक प्रकार सलग करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी झाली तेव्हा सलगवाल्यांची २० टक्के आणि मिसळवाल्यांची ६३ टक्के. खऱ्या कामात प्रश्नावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. कुठली रीत इथे लागेल हे ओळखणं हाच निम्मा सराव असतो, आणि सलग करताना तोच गळतो.

करायचं कसं? नवी रीत शिकलात त्या दिवशी तीच दोन-तीनदा करा, हात बसेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून ती जुन्यांत मिसळा. चिठ्ठ्या टाका. माझ्या वर्गात दुसऱ्या सत्रात मी चिठ्ठी उचलायला लावते. रक्तस्राव, भाजणं, घशात घास अडकणं, बेशुद्ध पण श्वास चालू, बेशुद्ध आणि श्वास बंद. शेवटच्या दोघांत लोक फार गोंधळतात, आणि नेमका तिथेच गोंधळ परवडत नाही.

जागा बदला

पुतळा नेहमी सपाट जमिनीवर, उघड्या छातीने, उजेडात पडलेला असतो. माणसं तशी पडत नाहीत. ती पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत पडतात, खुर्चीत मान टाकतात, अंगात जाड जॅकेट असतं, आणि कोणीतरी बाजूला रडत असतं. म्हणून एकदा हात बसला की मी पुतळा खुर्चीत बसवते. पहिल्यांदा सगळे स्तब्ध होतात. खुर्चीत दाबून उपयोग नाही, त्याला आधी जमिनीवर घ्यायचंय, हे सुचायला मौल्यवान सेकंद जातात. एकदा अनुभव घेतला की पुन्हा जात नाहीत.

शिकलेली गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली: किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सुरुंग आहेत, मोठं सैन्य एका वाटेने नेता येत नाही, म्हणून सेनापती त्याच्या तुकड्या करून अनेक वाटांनी एकाच वेळी पोचवतो. मग विचारलं, शरीरातल्या गाठीवर तीव्र किरण सोडले तर वाटेतलं निरोगी मांस जळेल, तर काय करावं? उत्तर तेच आहे, अनेक दिशांनी मंद किरण. तरी कितीतरी जणांना नुकत्याच वाचलेल्या गोष्टीचा संबंध लागला नाही. "ती गोष्ट वापरून बघा" एवढं सांगितल्यावर मात्र बहुतेकांना सुचलं.

तेव्हा ते सांगणारा माणूस तुम्हीच व्हा. काम संपलं की वहीत एक ओळ लिहा: हीच रीत आणखी कुठे लागेल, आणि तशी वेळ आल्याची खूण काय? "एकाच प्रकारच्या नोंदी तिसऱ्यांदा हाताने मोजतेय असं दिसलं, की पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी गटवार मोजून देणारी स्प्रेडशीटमधली सोय." मग मुद्दाम एक गोष्ट बदलून काम पुन्हा करा. तीच माहिती पण तारखा वेगळ्या रूपात लिहिलेल्या. तोच निरोप पण समोर माणूस बसलेला. तोच अभ्रा पण ताणला जाणाऱ्या कापडाचा.

जिथे थेट करून बघायचं नसतं

जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर सीपीआरचा सराव करायचा नाही. इजा होते. दर वर्गात कोणीतरी घरच्यांवर करून बघण्याची गोष्ट काढतंच, म्हणून इथेही लिहिते. औषधांचे डोस, विजेची जोडणी, दुसऱ्याचे पैसे, चालू असलेल्या कामाचा डेटा, यांच्यावर नवखा हात चालवायचा नसतो. अशा वेळी करून शिकणं सोडून द्यायचं नाही, त्या कामाची बिनधोक प्रत तयार करायची. फाइलची नक्कल करून तिच्या नावात "सराव" लिहा. सुटा पडलेला स्विच आणि वायरचे तुकडे टेबलावर घ्या, प्रवाहाशी संबंध नसलेले. गुंतवणूक शिकायची तर आधी कागदावरच खरेदी-विक्री लिहून काही महिने निकाल बघा. प्रत खऱ्यापेक्षा सोपी असते, आणि कागदावरचा तोटा झोप उडवत नाही. तेवढा फरक लक्षात ठेवून जाणकाराच्या देखरेखीखाली खऱ्या कामाकडे सरका.

वेळ ठरवणं आणि महिन्याने बघणं

"वेळ मिळाला की करेन" हा बेत नाही. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये ज्याबद्दल लिहिलं ती रीत साधी आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांत टिकलेली दिसते: अमुक घडलं की मी तमुक करणार, असं आधीच जोडून ठेवायचं. "रात्रीची भांडी आवरली की लॅपटॉप उघडून सरावाची फाइल." सोबत दुसरं वाक्य अडचणीचं: "फार थकले असेन तर फक्त काल अडलेली एक जागा." आणि साहित्य आदल्या दिवशी मांडून ठेवा. शिवणाचं यंत्र पेटीतून काढायचं असेल तर त्या दिवशी शिवण होत नाही.

वहीत एका कामाला एकच पान द्या. तारीख, काम, कुठे अडलं, कोणी सांगितलं. त्याहून जास्त लिहायला लागलात तर वही सुंदर होईल आणि काम राहील.

मग कॅलेंडरवर त्याच कामाच्या तीन तारखा टाका: दुसरा दिवस, एक आठवडा, एक महिना. महिन्याच्या तारखेला तेच काम नमुना न बघता, टिपणं न बघता करा. सीपीआरचं कौशल्य प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच घसरतं, आणि प्रमाणपत्रावरची मुदत त्याहून बरीच लांब असते. म्हणून मी लोकांना मधूनमधून दहा मिनिटांसाठी परत बोलावते. तुमच्या विषयातही घसरण असणारच. महिन्याने काम सरळ पार पडलं तर त्याला तीन महिन्यांनंतरची तारीख द्या आणि नवं, थोडं अवघड काम घ्या. एक-दोन जागी अडलात तर पूर्ण काम पुन्हा करत बसू नका, तेवढ्या जागा मिसळीच्या चिठ्ठ्यांत टाका. काहीच आठवलं नाही, तर आधी हे बघा की त्या महिन्यात त्या गोष्टीची गरज एकदा तरी पडली होती का. पडली होती आणि जमलं नाही, तर आवाज बंद करून व्हिडिओ लावा आणि तिसऱ्या पायरीपासून सुरू करा. गरज पडलीच नव्हती, तर ते काम यादीतून खोडा आणि ज्याची गरज पडली होती ते लिहा.